निळ्या खडूचा गोल

गाडी वर्कशॉपच्या फाटकातून आत आली की आमचे साहेब आधी चष्मा पुसत, मग खाकी शर्टाच्या खिशातून शिंप्याचा निळा खडू काढत आणि गाडीभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घालत. कंपनीने न दिलेली वस्तू दिसली की तिच्याभोवती खडूने एक गोल. जादा भोंगा असला, गोल. टपावर कॅरियर असलं, गोल. मागच्या काचेला झालरीचे पडदे लावलेले असले तर काचेवरही गोल. प्रदक्षिणा संपली की खडू खिशात जाई आणि ते गाडीच्या मालकाकडे वळून विचारत, "हे कंपनीनं देल्लं काय?"

उत्तर मालकाला ठाऊक असे आणि साहेबांनाही ठाऊक असे. तरी ते उत्तराची वाट पाहत उभे राहत.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नाच्या पंगतीत मीठ कमी आहे हे सगळ्यांना कळलेलं असतं, पण ते यजमानाला सांगणारा एकच असतो, तसा. आमच्या वर्कशॉपात ते काम साहेबांकडे होतं आणि त्याचा पगारही मिळत होता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. बर्डीच्या मागच्या अंगाला एका मोटार कंपनीच्या विक्रेत्याचं वर्कशॉप होतं आणि मी तिथे टायपिस्ट होते. अख्ख्या आवारात बाई म्हणून मी एकटीच. नव्या गाडीला सहा महिने कंपनीची वॉरंटी असे. तेवढ्या काळात काही बिघडलं आणि दोष कंपनीचा निघाला, तर तो भाग कंपनी फुकट बदलून देई. दोष कोणाचा हे पाहणं साहेबांचं काम आणि त्यांनी सांगितलेलं फॉर्मवर टाइप करणं माझं. मागे सगळे त्यांना 'खडूवाले साहेब' म्हणत, समोर नुसतं साहेब.

त्या फॉर्मवर तिसरा प्रश्न असा होता: 'वाहनाला बाहेरची कोणतीही वस्तू बसवली आहे काय?' पुढे होय किंवा नाही टाइप करायचं. 'नाही' असलं तर कंपनी पुढचं वाचे. 'होय' असलं तर कागद आठ-दहा दिवसांत नामंजुरीचा शिक्का खाऊन परत येई. आणि आमचे साहेब 'होय' सांगण्यात कधी चुकत नसत.

धरमपेठेतल्या एका बाईंनी नवी गाडी घेतली. पहिल्या सर्व्हिसिंगला आणली तेव्हा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि पुढे लिंबू-मिरची लोंबत होती. साहेबांनी लिंबाभोवती गोल काढला. मग थोडा विचार केला आणि स्वस्तिकाभोवतीही काढला.

"अहो, देवाचं आहे ते!" बाई कडाडल्या.

"असन ना बाई. मी देवाले नाही म्हणून नाही राहिलो," साहेब शांतपणे म्हणाले, "पण कंपनीनं देल्लं काय?"

बरं, इतकं सोवळं पाळणाऱ्या माणसाची स्वतःची सायकल कशी असावी? तिला जादा कॅरियर होतं, छत्री खोचायला लोखंडी नळी होती, पुढे भाजीची टोपली होती, सीटला बायकोने लुगड्याच्या काठाची शिवलेली खोळ होती आणि हँडलला ट्रकचा रबरी भोंगा होता. एकदा ते जेवायला बसले असताना मी त्यांचा खडू उचलला आणि सायकलवर जमेल तिथे गोल काढून ठेवले. सगळं वर्कशॉप हातातली कामं टाकून बघायला जमलं. साहेब डबा धुऊन आले, सायकलभोवती प्रदक्षिणा घातली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दोन राहिले वं बाई." आणि ते दोन त्यांनी स्वतः काढले.

हसू यायचं तसा त्यांचा रागही यायचा. एका शाळामास्तरीणबाईंच्या गाडीच्या दाराची कडी महिन्याभरात हातात आली. दोष सरळ कंपनीचा. पण बाईंनी सीटवर वेताच्या चटया शिवून घेतल्या होत्या. साहेबांनी मला 'होय' टाइप करायला सांगितलं आणि कागद शिक्का खाऊन परत आला.

"साहेब, सीटवरच्या चटईनं दाराची कडी कशी तुटेल?" मी विचारलं.

"नाही तुटत."

"मग होय काहून लिहिलं?"

"फारमनं इचारलं, आपण सांगतलं. पुढचं कंपनी पाह्यन."

त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोलले. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती असं नाही, पण त्यांच्यासमोर भांडण टिकतच नसे. तुम्ही आवाज चढवला की ते चष्मा पुसायला घेत.

मग सुखदेवची गाडी आली.

सुखदेव स्टेशनच्या स्टँडवरचा टॅक्सीवाला. बारा वर्षं त्याने दुसऱ्याची टॅक्सी चालवली. गाडीसाठी नाव नोंदवून सहा वर्षं नंबराची वाट पाहिली, तेव्हा कुठे स्वतःची गाडी दाराशी उभी राहिली. पहिल्यांदा वर्कशॉपात आणली तेव्हा चारही चाकांना हळद लावलेली होती. साहेबांनी चारही चाकांना गोल काढले. सुखदेवला त्याचंही कौतुक वाटलं. कोणी आपल्या गाडीकडे इतकं निरखून बघतंय, ह्यातच तो खूश.

उन्हाळा सुरू झाला तशी सुखदेवला एक युक्ती सुचली. घराच्या खिडकीला आपण वाळ्याची ताटी लावतो, तिच्यावर पाणी मारतो आणि आतला माणूस गार होतो. मग रेडिएटरसमोर ताटी बांधली तर इंजिन का गार होऊ नये? त्याने मापाची ताटी विणून घेतली, पुढच्या जाळीवर तारेने बांधली आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवली. दर थांब्यावर तो उतरून ताटीवर पाणी मारी. स्टँडवरच्या बाकीच्यांनी ते पाहिलं आणि पंधरा दिवसांत निम्म्या टॅक्स्यांच्या तोंडाला ताट्या आल्या. आमचं वर्कशॉप त्या महिन्यात पेट्रोलचा वास सोडून वाळ्याच्या वासाने घमघमत होतं.

चौथ्या महिन्यात सुखदेवची गाडी एका ट्रकमागे दोराने बांधून आली. इंजिन तापून जाम झालं होतं.

साहेबांनी खडू काढला. ताटीभोवती, बॉनेटच्या टोकापासून खाली बंपरपर्यंत, एवढा मोठा गोल त्यांनी त्याआधी कधी काढला नव्हता. सुखदेव निंबाखाली उकिडवा बसून बघत होता. "हे कंपनीनं देल्लं काय" हा प्रश्न त्या दिवशी साहेबांनी विचारला नाही, एवढं मला आठवतं.

"इंजिन नाही भेटलं तं कसं करता गा?" त्यांनी विचारलं.

"कसं करन साहेब? गाडी इकतो अन् पुन्हा दुसऱ्याची चाबी मांगतो," सुखदेव म्हणाला. बारा वर्षांचं त्याचं सगळं त्या एका वाक्यात होतं. मी टाइपरायटरवर नुसताच कोरा कागद चढवून बसले.

दोन दिवस साहेब ते इंजिन खोलत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खिडकीतून मला हाक मारली. "बाई, इकडे या. हात लावा."

इंजिनच्या लोखंडी ठोकळ्यात पाणी फिरायला आतून वाटा असतात. त्यातल्या एका वाटेत मी बोट घातलं तर आत दगडासारखी घट्ट बसलेली काळी वाळू. लोखंड ओतताना साच्यात वाळू भरतात आणि मग ती धुऊन काढतात, हे त्यांनीच मला समजावलं. कारखान्यात कोणीतरी ती काढायची विसरलं होतं. पाण्याला फिरायला जागाच नव्हती. चार महिने गाडी चालली हेच नवल.

साहेबांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "हे," ते म्हणाले, "हे कंपनीनं देल्लं."

आता खरी पंचाईत होती ती तिसऱ्या प्रश्नाची. ताटी तर होती. 'होय' लिहिलं की कागद परत येणार आणि वाळूपर्यंत कोणी वाचणारच नाही. ताटी सुखदेवने कधीच सोडून ठेवली होती. पुसून टाकायचा तो खडूचा गोल तेवढा उरला होता.  मी फॉर्म टाइप केला, तिसऱ्या प्रश्नापुढे 'नाही' मारलं आणि नेहमीच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवून सहीला नेला. माझं टायपिंग ते कधी वाचत नसत, डोळे मिटून सह्या करत.

त्या दिवशी त्यांनी वाचलं. हळूच खिशातून खडू काढला आणि कागदावरच्या 'नाही'भोवती एक लहानसा गोल काढला.

"बाई, हे बाहेरून बसोलं हाये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेने आलं की रागाने, ते मला आजही सांगता येणार नाही. "मग तुम्हीच त्याला जाऊन सांगा, गाडी विक म्हणून," मी म्हणाले.

"आपण खोटं लिहिलं," ते म्हणाले, "तं वाळूही खोटी होते ना वं."

त्यांनी नवा फॉर्म टाइप करवला. होय. वाळ्याची ताटी. आणि खाली, जिथे लिहायला जागाच नव्हती तिथे, स्वतःच्या हाताने एक ओळ: दोष ताटीचा नाही, सोबत वाळू पाठवत आहे. फुटाण्याची बांधतात तशी वाळूची पुडी बांधून त्यांनी ती पाकिटात घातली.

कागद शिक्का खाऊन परत आला. पुडी तशीच, न सोडलेली. त्यांनी पुन्हा पाठवला. ह्या वेळी पत्र आलं: वाळू मिळाली, परंतु ती मालकाने बसवलेल्या ताटीच्या मुळांतली माती असावी. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला तिसऱ्यांदा टाइप करायला बसवलं. आमच्या मालकांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. कंपनी चिडली तर एजन्सी जाईल आणि त्याच्या आधी तुम्ही जाल, असं मालक म्हणाले. साहेब म्हणाले, "जी." आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "कुठवर आलतो आपण?"

तिसऱ्या पत्रानंतर कंपनीने आपला इंजिनिअर पाठवला. ऐन मे महिन्यात तो टाय लावून उतरला, तेव्हाच आम्हाला त्याची कीव आली. त्याचं म्हणणं सोपं होतं. ताटीने वारा अडला, वारा अडला म्हणून इंजिन तापलं, बाकी चर्चा नको.

"करून पाहू ना," साहेब म्हणाले. "याच कंपनीची नवी गाडी घेऊ, हेच ताटी बांधू. ऊन तं आपल्या इथं भलतंच हाये."

सारखी नवी गाडी एकच होती, ती मालकांची. मालकांनी किल्ली दिली, पण देताना साहेबांकडे असं पाहिलं की मीच घाबरले.

भर दुपारी आम्ही रामटेकला निघालो. सुखदेव चालवायला, शेजारी इंजिनिअर, मागे साहेब आणि वही घेऊन मी. निघण्यापूर्वी साहेबांनी इंजिनिअरच्या डोक्याला दुपट्टा बांधला आणि त्याच्या खिशात एक कांदा टाकला. "लू लागन," ते म्हणाले. इंजिनिअरने खिशाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्याभोवती गोल नाही काढत?" साहेबांनी खरोखर खिशात हात घातला. मीच त्यांना थांबवलं.

कामठी गेली तेव्हा इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर होता. कन्हानच्या पुलावर किंचित वर. मनसरच्या पुढे आणखी वर. रामटेकच्या गडाचा चढ सुरू झाला तसा सुखदेव मोठ्याने रामाचं नाव घेऊ लागला आणि मी वहीत अक्षर मुद्दाम बारीक काढू लागले. वर पोचलो. गाडी उकळली नव्हती, पण काटा लाल रेषेच्या जवळ होता.

"काटा चढला, हे मान्य आहे?" इंजिनिअरने विचारलं.

"लिहा बाई," साहेब म्हणाले, "लाल रेषेच्या एक बोट खाली."

मग कोणी सांगितलं नसताना त्यांनी स्वतः ताटी सोडली, गाडी थोडा वेळ थंड होऊ दिली, सुखदेवला खाली जाऊन पुन्हा चढायला लावलं. ताटीशिवाय काटा दोन बोटं खाली राहिला. "हेही लिहा," ते म्हणाले. "ताटीनं काटा चढते." मला वाटलं, संपलं. ह्या माणसाने आपल्या हातांनी खड्डा खणला आणि त्यात सुखदेवला ढकललं. सुखदेव तर पायरीवर डोकं धरून बसला होता.

साहेब त्याच्याजवळ गेले. "सुखदेव, ताटीनं इंजिन थंडं नाही होत गा. गरम होते. तू चुकला." मग ते इंजिनिअरकडे वळले. "पण साहेब, एवढ्या उन्हात, एवढ्या चढावर, ताटी बांधून गाडी बंद पडली काय? ताटीचं पाप ताटीले, वाळूचं पाप वाळूले. दोन्ही एकाच्या माथी काहून मारता?"

 परत येताना सगळ्या वाटेने इंजिनिअर काट्याकडे बघत होता. वर्कशॉपात आल्यावर त्याने टाय काढला, पेचकस मागितला आणि सुखदेवच्या इंजिनातली वाळू तासभर खरवडत बसला. मुळांतली माती इतकी घट्ट बसत नाही हे त्याला आमच्यापेक्षा लवकर कळलं असावं. शेवटी हात पुसत म्हणाला, "आमचीच आहे." स्टेशनवर गेला तेव्हा कांदा त्याच्या खिशातच होता.

पंधरा-वीस दिवसांनी खोक्यातून नवं इंजिन आलं. साहेबांनी सवयीने खडू काढून त्याच्याभोवतीही प्रदक्षिणा घातली. काही सापडलं नाही. सुखदेव त्यांच्या पाया पडायला वाकला तर ते म्हणाले, "आधी तारा काढ गा ताटीच्या, जाळी खराब होते."

पुढल्या वर्षी कंपनीकडून नव्या फॉर्मांचा गठ्ठा आला. तिसऱ्या प्रश्नाखाली एक ओळ वाढली होती: 'असल्यास, त्या वस्तूचा दोषाशी संबंध आहे काय?' मी गठ्ठा घेऊन धावतच त्यांच्या टेबलाशी गेले. "साहेब, ही ओळ तुमची आहे!"

त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "माही कायची वं बाई," ते म्हणाले. "ओळ कंपनीनं देल्ली." पण त्या दिवशी घरी जाताना त्यांनी सायकलचा भोंगा विनाकारण दोनदा वाजवला, हे मी ऐकलं आहे.

त्या ओळीने पुढे किती लोकांना दारांच्या कड्या बदलून मिळाल्या, ते मी टाइप केलं आहे. माझा तो 'नाही'वाला फॉर्म अजून माझ्या ट्रंकेत आहे. खडू पुसट झाला आहे. खोटं लिहायला निघालेल्या बावीस वर्षांच्या पोरीला त्यांनी कोणापुढे उघडं पाडलं नाही, ह्याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. तेव्हा वाटलं, आहेत की इथेच, म्हणू कधीतरी.

ते निवृत्त झाले. मग कवळी आली. भेटायला गेले की ती बोटाने वाजवून दाखवत: "बाहेरचा माल हाये बाई. आता तक्रार नाही करता येत."

असाच एक मे महिना होता, सकाळची वेळ. दारात टॅक्सी थांबली आणि सुखदेव आत आला. केस पिकलेले, दुपट्टा खांद्यावर. "चला बाई," एवढंच म्हणाला. साहेब गेले हे मला कळलं.

बाहेर तीच गाडी उभी होती, बारा वर्षांची म्हातारी. बॉनेटच्या टोकापासून खाली बंपरपर्यंत एक मोठा निळा गोल होता. खडूचा नव्हे, ऑइलपेंटचा. खडूच्या रेघेवरून कोणीतरी सावकाश ब्रश फिरवलेला. आत ताटी नव्हती. नुसती जाळी होती.

"ताटी तर तेव्हाच काढली होती ना तुम्ही," मी म्हणाले, "मग हा गोल कायले ठेवला?"

सुखदेवने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

"ताटी माही होती बाई, फेकली," तो म्हणाला. "गोल त्यायचा हाये. तो कसा पुसू?"